पाच दिवसांची पावडर चौदा महिने चालली: एका गोठ्यातल्या वासरांचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाव-गाव सांगत नाही, नाशिक जिल्ह्यातला सिन्नर-निफाड पट्ट्यातला गोठा समजा. तीसेक एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन) संकरित गायी, त्यातल्या वीस-बावीस दुभत्या, बाकी गाभण नाहीतर भाकड. मुक्त गोठा, मुरघासाचे दोन खड्डे, दूध दोन्ही वेळा संकलन केंद्रावर. मोठ्या गायींचं सगळं दादा बघतो, वासरांचं वहिनी बघतात, आणि गाय व्यायली की शेवटचा शब्द आजींचा. ही तीन माणसं लक्षात ठेवा, पुढं औषधापेक्षा यांचाच संबंध जास्त येणारे. मी त्या भागात प्रॅक्टिस करणारा पशुवैद्य, आणि या प्रकरणाची सुरुवात माझ्याच तोंडून झाली हे आधीच सांगून टाकतो.

जुलै २०२२. पाऊस नुसता लागून राहिलेला, गोदावरीला पूर, गोठ्यात चिखल, आणि वासरं एकापाठोपाठ एक हगायला लागली. तीन आठवड्यांत चार गेली, त्यातल्या तीन कालवडी, आणि त्यातल्या दोन तर कालवडच व्हावी म्हणून महागाची सेक्स्ड सिमेनची कांडी भरून झालेल्या. मी गेलो, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि निघताना गाडीला किक मारता मारता म्हणालो, "काफ स्टार्टरमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर टाका पाच दिवस." काफ स्टार्टर म्हणजे वासरांचं सुरुवातीचं कोरडं खाद्य, आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक. कागदावर लिहून दिलं नाही. किती टाकायची ते पुडीवर बघून घ्या म्हणालो. पुढच्या आठवड्यात पाऊस उघडला, गोठा वाळला, हगवण थांबली. श्रेय अर्थातच पावडरला गेलं.

पाच दिवस संपले तेव्हा दादा दुकानात दुसरं काहीतरी घ्यायला गेला होता, तिथं त्याला सांगण्यात आलं की चालूच ठेवा, वाढ पण चांगली होते. मग ती चालूच राहिली. तेवढ्यात लम्पी आला आणि पुढचे चार-पाच महिने आम्ही सगळेच मोठ्या जनावरांच्या मागे पळत होतो, वासरांच्या स्टार्टरमध्ये काय पडतंय हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अडचण काय होती

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, सप्टेंबरात पाऊस आला आणि त्याबरोबर फोन आला. आठ दिवसांची कालवड, पिवळी पातळ हगवण, डोळे आत गेलेले. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊन झालं होतं, मग तीन दिवस सेफ्ट्रिअॅक्सोन, फरक शून्य. शेजारी अजून दोन तशीच, आणि दीड-दोन महिन्यांच्या तीन वासरांच्या शेणात रक्त. दादा म्हणाला, "डॉक्टर, पावडर चालू असून हगतायत."

"कोणती पावडर?"

चौदा महिने झाले होते तिला. या चौदा महिन्यांत गोठ्यात २६ वासरं जन्मली आणि ८ गेली, म्हणजे पावडर चालू असतानाच गेली. तरी घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, पावडर नसती तर अजून गेली असती.

मी वहिनींना म्हणालो, कशी टाकता ते दाखवा. त्यांनी ५० किलोच्या गोणीत चहाचा एक कप पावडर टाकली, घमेल्यानं वर-खाली केली, झालं. कपात साधारण १०० ग्रॅम बसायची, पुडीवर लिहिलं होतं ५ टक्के. तिथंच पुडीच्या मागे हिशोब मांडला. १०० ग्रॅम पावडरीत औषध ५ ग्रॅम, ते ५० किलोत पसरलं म्हणजे एक किलो स्टार्टरमध्ये १०० मिलिग्रॅम. ५० किलोचं वासरू दिवसाला अर्धा किलो स्टार्टर खात असेल तर त्याच्या पोटात ५० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम. तोंडावाटे उपचार म्हणून द्यायचं तर किलोमागे १० ते २० लागतं. आणि आठ दिवसांचं वासरू, जे खरं आजारी आहे, ते स्टार्टर खातं तरी किती, मूठभर, ५० ग्रॅम धरा. त्याला मिळालं ५ मिलिग्रॅम. ३५ किलोच्या जिवाला ५ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही.

यात गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की जे वासरू ठणठणीत आहे, दांडगं आहे, दुसऱ्यांना ढकलून गव्हाणीत तोंड घालतं, त्याला सगळ्यात जास्त औषध. जे मलूल पडलंय ते खातच नाही. आजारी वासरू सोडून बाकी सगळ्या गोठ्याला आम्ही थोडं थोडं अँटिबायोटिक चारत होतो. हगवण वाढली की वहिनी तीच पावडर दुधातही ढवळायच्या, ते तर आणखी वाया, कारण दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि ते अंगाला लागतच नाही नीट.

कारण शोधताना

यावेळी अंदाजानं इंजेक्शन बदलत बसायचं नाही असं ठरवलं. तीन आजारी वासरांच्या शेणाचे नमुने बर्फात घालून कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला पाठवले, म्हणजे जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो ते बघायला. रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर वासरं ओआरएसवर.

रिपोर्टमध्ये ई कोलाय आला, टेट्रासायक्लिनला दाद न देणारा, अँपिसिलिनला नाही, एन्रोफ्लॉक्सासिनलाही नाही. जेंटामायसिनला दाद देत होता. आता ई कोलाय निरोगी वासराच्या शेणातही असतो, त्यामुळं हगवण त्यानंच लावली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पहिल्या चार-पाच दिवसांतली हगवण असेल तर ई कोलायवर संशय जास्त, पुढं आठ-दहा दिवसांच्या वासरात रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम हे नेहमीचे गडी, आणि यातल्या एकालाही ऑक्सिटेट्रासायक्लिनचं सोयरसुतक नाही. पण गोठ्यातले जंतू कशाला सरावलेत हे त्या कागदावर दिसत होतं.

रक्ताची हगवण असलेल्या मोठ्या वासरांचं शेण मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितलं, कॉक्सिडियाची अंडी भरपूर. कॉक्सिडिया हा जिवाणू नाहीच, तो एकपेशीय परजीवी, वासरांच्या खालच्या ओल्या जमिनीतून आणि शेण पडलेल्या गव्हाणीतून तोंडात जातो. चौदा महिने त्याच्यावर आम्ही चुकीच्या जातीचं औषध टाकत होतो.

तिसरी गोष्ट चीक. दोन ते सात दिवसांच्या सहा वासरांचं रक्त काढलं, सीरम वेगळं झाल्यावर ब्रिक्स मीटरवर थेंब टाकला. मीटर माझं नव्हतं, शेजारच्या द्राक्षवाल्याचं. आमच्याकडं द्राक्षाची गोडी बघायला हे प्रत्येक बागायतदाराकडं असतं आणि पावसाळ्यात कपाटात पडून असतं. सीरमचं ब्रिक्स ८.४ च्या वर असेल तर वासराला चिकातून रोगप्रतिकारक घटक बरे मिळालेत असं धरतात. सहापैकी चार खाली होती.

मग वहिनींना विचारलं, चीक कधी पाजता? त्या आजींकडं बघायला लागल्या.

आजींचा नियम असा की वार (जार) पडल्याशिवाय गायीला हात लावायचा नाही. रात्री ११ ला व्यायली आणि वार सकाळी ७ ला पडली तर वासराला पहिला चीक ८ वाजता. तोही अर्धा-एक लिटर, कारण जास्त पाजला की हगतं. उरलेला पहिल्या धारेचा घट्ट चीक खरवसाला, आणि खरवस आळीत आठ घरी जायचा, वेलची-जायफळ घालून. मीही खाल्लाय तो, एकदा नव्हे. वासराच्या आतड्याची चिकातले रोगप्रतिकारक घटक शोषून घ्यायची ताकद जन्मल्यापासून दर तासाला उतरते आणि २४ तासांत जवळजवळ बंद होते, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. त्या गोठ्यात मात्र इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

चौथं कारण शोधावं लागलं नाही, बादलीतच दिसलं. दगडी (कासेची सूज) झालेल्या गायीच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की ते दूध डेअरीला चालत नाही, म्हणून ते वासरांना. पावडर बंद केली असती तरी या वाटेनं अँटिबायोटिक चालूच राहिलं असतं.

कोणते पर्याय होते

ओट्यावर चहा घेत दोन तास बोलणं झालं. दादाचा भाचा पुण्यात असतो, तो आलेला.

पहिला पर्याय दादाचा, डोस वाढवू, नाहीतर दुसरी भारी पावडर आणू. त्याला कुणीतरी कोलिस्टिनवाली सुचवली होती. तिला मी सरळ नाही म्हणालो, कारण कोलिस्टिन भारतात जुलै २०१९ पासून अन्न देणाऱ्या जनावरांसाठी आणि खाद्यात बंद आहे. माणसात बाकी औषधं चालेनाशी झाली की शेवटी जे काढतात त्यातलं ते एक. डोस वाढवायचा मुद्दा मात्र ऐकायला बरा वाटत होता. अडचण तीच, आजारी वासरू खात नाही. शिवाय दीड-दोन महिन्यांनंतर वासराचं पोट रवंथाचं व्हायला लागतं, ते जिवाणूंवरच चालतं, आणि आपण खाद्यातून त्यांच्यावरच औषध सोडायचं.

भाचा म्हणाला, परदेशात तर सर्रास देतात. देत होते. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपियन युनियननं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं, अमेरिकेत २०१७ पासून माणसाच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधं वाढीसाठी चालत नाहीत आणि आजारासाठी खाद्यात घालायची तर पशुवैद्याची चिठ्ठी लागते. हे सांगितल्यावर भाचा मोबाईलमध्ये शोधत बसला आणि आमचं बोलणं पुढं सरकलं.

दादाचा खरा सवाल वेगळा होता आणि तो चोख होता. "वासरू काय दूध देतं का? मग रेसिड्यू, औषधाचा अंश, कुठनं येणार डेअरीत?" बरोबर आहे, दोन महिन्यांच्या कालवडीनं खाल्लेलं टेट्रासायक्लिन दोन वर्षांनी तिच्या दुधात येत नाही. पण जंतू राहतात. शेणात, बादलीत, वहिनींच्या हातावर, शेणखतातून वावरात. आणि ज्या दिवशी खरंच इंजेक्शन लागतं त्या दिवशी ते चालत नाही, हे त्यानं महिनाभर पैसे मोजून बघितलं होतं. हा मुद्दा त्याला पटला, बाकी माझं भाषण त्यानं नुसतं ऐकून घेतलं.

दुसरा पर्याय, वासरं वाढवायचीच नाहीत, गाभण कालवडी विकत घ्यायच्या. बरेच जण करतात. पण विकतची कालवड कुठून काय घेऊन येईल याचा भरवसा नाही, आणि सेक्स्ड सिमेनवर घातलेला खर्च मग कशासाठी?

तिसरा, पावडर एका दिवसात सगळ्यांची बंद. चौथा, आधी चीक आणि स्वच्छता सुधारायची, ते बसलं की लहान वासरांची पावडर काढायची, मोठ्यांची मात्र लगेच.

मी तिसरा निवडला. रागात होतो थोडा, खरं सांगायचं तर स्वतःवरच.

काय केलं, आणि कुठं चुकलो

त्याच संध्याकाळी पावडरचा डबा माळ्यावर गेला. रक्ताच्या हगवणीच्या वासरांना कॉक्सिडियावरचं अँप्रोलियम पाच दिवस, वजन टेपनं मोजून. गव्हाणी जमिनीवरून दीड फूट वर, पाण्याची बादली वेगळी, वासरांच्या खोपीत ओली जागा खरवडून चुना आणि वर कोरडा भुसा. वयाप्रमाणं दोन भाग केले म्हणजे दोन महिन्यांचं दहा दिवसांच्यात मिसळायला नको.

हगवण लागली तर दूध बंद करायचं नाही हे वहिनींना तीनदा सांगावं लागलं, कारण आजवर सगळ्यांनी त्यांना उलटं सांगितलेलं. दूध नेहमीच्या वेळेला, ओआरएस मधल्या वेळेत, दोन्हींत दोनेक तास अंतर. वासरू उभं आहे, चोखतंय, ताप नाही, तर अँटिबायोटिक नाही. ताप आला, बसून राहिलं, चोखायचं सोडलं, तर मला फोन.

चिकाचं काम मात्र लगेच झालं नाही, आजींना समजवायला वेळ लागला. आणि तिथंच गोची झाली. पावडर बंद केल्यावर दहाव्या दिवशी एक नऊ दिवसांची कालवड गेली. दादाचा फोन, आवाज चढलेला, "तुम्ही बंद करायला लावली आणि वासरू गेलं." मी गेलो तेव्हा तो काही बोलला नाही, पण वहिनी हळूच म्हणाल्या की चार दिवस झाले, डबा माळ्यावरून खाली आलाय.

त्या कालवडीची माहिती काढली. जन्मली रात्री १ च्या सुमाराला, वहिनी माहेरी गेलेल्या, पहिला चीक सकाळी ९ वाजता, पाऊण लिटर. ती यामुळंच गेली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण नऊ दिवसांचं वासरू दिवसाला मूठभर स्टार्टर खातं हा हिशोब पुडीच्या मागे दादाच्याच समोर मांडलेला होता, तो पुन्हा काढला. तो बराच वेळ त्या पुडीकडं बघत बसला. मग म्हणाला, "आईशी तुम्हीच बोला."

आजींशी बोलून काही झालं नाही. मीटरनं झालं. दुसऱ्याच दिवशी एक गाय व्यायली, अर्ध्या तासात आजींच्या समोर धार काढली, गाय शांत, वार नंतर तीन तासांनी आपोआप पडली. चिकाचा थेंब मीटरवर टाकला, २४. चांगल्या चिकाला २२ च्या वर पाहिजे. संध्याकाळच्या धारेचा टाकला, १५. आजींनी डोळा लावून स्वतः बघितलं, निळी रेघ कुठं आहे ते. द्राक्षाला मोजतात तसंच का, म्हणाल्या. हो म्हणालो, वासराची गोडी. त्या दिवसापासून नियम असा ठरला: दोन तासांच्या आत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, आणि १२ तासांच्या आत परत २ लिटर. रात्री व्यायली तरी. वहिनी नसतील तर दादानं उठायचं.

जास्तीचा चांगला चीक एक-एक लिटरच्या बाटल्यांत डीप फ्रीजमध्ये, ज्या गायीचा पातळ निघेल तिच्या वासरासाठी. पहिली बाटली वहिनींनी घाईत उकळत्या पाण्यात सोडली आणि आत गुठळ्या झाल्या, खरवसच तो. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, घाई न करता. मीच आधी सांगायला हवं होतं.

दगडीच्या दुधावर सगळ्यात जास्त वाद झाला. एक गाय दिवसाला दहा-बारा लिटर, ट्यूबचे दिवस आणि पुढचे पाळायचे दिवस धरून पन्नास-साठ लिटर ओतून द्यायचं. दादा म्हणाला, कालवडींना नको, निदान गोऱ्ह्यांना तरी पाजू. मी म्हणालो, एकाच खोपीत असतात, एकमेकांना चाटतात, एकाच बादलीत तोंड घालतात, मग कालवडींना न पाजून काय साधलं? शेवटी ओतायचं ठरलं. दूध ओतताना बघवत नाही हे मलाही कळतं. पण त्याचा परिणाम असा झाला की दादा कास धुणं, धारेनंतर सड बुडवणं हे जास्त मनावर घ्यायला लागला, ओतायला लागू नये म्हणून.

निष्पन्न काय झालं

ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या वर्षात २३ वासरं जन्मली, २ गेली. हगवण थांबली असं नाही, २०२४ च्या पावसाळ्यात सहांना लागली. त्यातल्या चार ओआरएसवर उठली, दोघांना ताप होता म्हणून रिपोर्ट बघून इंजेक्शन दिलं, दोन्ही वाचली. गेलेल्या दोनपैकी एक न्यूमोनियानं, थंडीत, आणि तिचा चिकाशी संबंध होता की नाही माहीत नाही. वासरांच्या औषधाचा खर्च निम्म्याच्या खाली आला असं दादाची वही सांगते, त्यात ओतलेलं दूध धरलेलं नाही हेही सांगायला पाहिजे.

पावडर बंद केल्यानं वाढ खुंटेल ही भीती होती. तीन महिन्यांच्या कालवडींच्या छातीचा घेर टेपनं घेत गेलो, आधीच्यांत आणि यांच्यात डोळ्यात भरेल असा फरक नाही. पण एका गोठ्यातल्या पंधरा-वीस वासरांवरून मी काही ठासून सांगणार नाही, त्यात पावसापाण्यापासून मुरघासापर्यंत सगळंच बदललं होतं.

आता केलं असतं तर

पहिली चूक २०२२ ची, गाडीवर बसून तोंडी सांगितलेलं औषध. आता मी चिठ्ठीवर किती आणि कधी बंद ते लिहितो, आणि सहाव्या दिवशी फोन करतो. फोन विसरतो कधी कधी, पण चिठ्ठी नाही.

दुसरी, सगळ्यांची पावडर एका दिवसात काढणं. औषधाच्या हिशोबानं ते बरोबरच होतं, लहान वासराला त्यातून काही मिळतच नव्हतं. पण ज्या घराचा चौदा महिने तिच्यावर भरवसा आहे तिथं आधी चीक, मीटर, आजी, आणि मग दोन आठवड्यांनी डबा माळ्यावर, असं केलं असतं तर डबा हळूच खाली आला नसता. कदाचित ती नऊ दिवसांची कालवडही राहिली असती.

तिसरी म्हणजे सीरमचं ब्रिक्स. ते पहिल्या भेटीत करण्यासारखं होतं. २०२२ च्या जुलैत शेजाऱ्याचं मीटर तसंच कपाटात पडून होतं, दोनशे पावलांवर.

माळ्यावर तो डबा अजून आहे, टाकायला दादाचा हात होत नाही. खरवस आता तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा होतो, तो नीट धरत नाही, पाणी सुटतं. परवा मी गेलो तेव्हा आळीतल्या एक काकू रिकामी वाटी परत द्यायला आल्या होत्या. आजींना म्हणाल्या, पूर्वीसारखा घट्ट होत नाही हो तुमचा खरवस. आजी म्हणाल्या, "घट्ट होता तो वासरानं खाल्ला," आणि वाटी विसळायला आत गेल्या.